पंपघरातली दुसरी वही

"काकू, तुम्ही दर तासाला त्या वहीत आमच्या चहाड्या लिहिता का?"

एवढंच विचारायचं होतं. मोजून दहा शब्द. पण माझी गाडी 'काकू, तुम्ही'वरच थांबली, आणि थांबली ती थांबलीच. मागे कुंपणापाशी वकीलीण आणि शिट्टी, माझ्या दोन जिवलग मैत्रिणी, एकमेकींचे दंड घट्ट धरून उभ्या होत्या. पैज साधी होती. अख्खा प्रश्न एका दमात विचारला, तर त्या दोघी मला पुन्हा कधीही 'पॉज' म्हणणार नव्हत्या.

हे नाव मला दोन महिन्यांपूर्वी मिळालं होतं. वक्तृत्व स्पर्धेत मी माईकसमोर उभी राहिले, 'आदरणीय' म्हणाले, आणि माझी दातखिळीच बसली. किती वेळ, ते शिट्टीने घड्याळ लावून मोजलं (आणि म्हणे जिवलग!). एक मिनिट बारा सेकंद. शेवटी मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, हिचा पॉज काढा रे कुणीतरी!" अख्खं सभागृह हसलं. माझे वर्गशिक्षकसुद्धा. त्यांनी रुमालात तोंड घातलं होतं, पण रुमाल हलत होता ना!

त्यानंतर मी वर्गात तोंड उघडणं बंद केलं. उत्तर येत असलं तरी मान खाली. घरी आई-बाबांच्या लक्षात आलं आणि त्यांनी आपापसात ठरवून टाकलं की वर्ष संपलं की शाळा बदलायची. नव्या शाळेचा फॉर्म भरून फ्रिजवर चुंबकाखाली लावला होता. माझी सही तेवढी बाकी. मला सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्याच वेळी पळून चालल्यासारखंही. पण हे बोलणार कोण? मी तर गप्प होते.

तर पंपघर. ते आमच्या शाळेच्या मैदानाला लागूनच आहे. अख्ख्या वस्तीचं पाणी तिथून टाकीत चढतं. तिथल्या पंपवाल्या काकू दर तासाला खिडकीशी येऊन एका जाड रजिस्टरमध्ये काहीतरी लिहायच्या. ते तर ठरलेलं काम, हे कळत होतं. पण मग त्या दुसरी वही काढायच्या आणि त्यात जास्तच वेळ लिहीत बसायच्या. वकिलिणीचं म्हणणं होतं, "टाकीच्या शिडीवर कोण चढतं त्यांची नावं आहेत त्यात. पुरावा गोळा करतायत बाई!"

आणि आता काकू माझ्यासमोर उभ्या होत्या. निळा कोट, दोरी बांधलेला चष्मा, हातात तेलाची बुधली. मी 'तुम्ही'वर अडकलेली. अशा वेळी लोक माझं वाक्य स्वतःच पूर्ण करून टाकतात. काकूंनी तसं काहीच केलं नाही. घाई नसलेल्या माणसासारख्या नुसत्या उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने उरलेले आठ शब्द बाहेर पडले.

"लिहिते की चहाड्या," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या कशाला? माझ्याच लिहिते."

पैज मी हरले. शिट्टी म्हणाली, एक दम कुठला, चार दम लागले. पण मला आता पैजेचं काही नव्हतं. स्वतःच्या चहाड्या कोण लिहितं? शाळा सुटल्यावर मी एकटीच परत गेले.

"आलीस? बस त्या स्टुलावर. पंपाच्या पट्ट्याजवळ जाऊ नकोस, वेणी ओढून घेईल."

आत पंपाचा एकसुरी आवाज होता, आणि गंमत म्हणजे त्या आवाजात बोलायची भीती कमी वाटत होती. काकूंनी आधी सरकारी रजिस्टर दाखवलं. चार रकाने : वेळ, दाब, पातळी, शेरा. पंपाचा दाब किती, टाकीतली पातळी किती, आणि काही सांगण्यासारखं असलं तर शेरा. दर तासाला. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही आणि खाडाखोड करायची नाही, हा नियम. पानंच्या पानं शेऱ्यात एकच शब्द : ठीक. ठीक. ठीक. ठीक.

"नवरा गेला, त्याच्या पंधराव्या दिवशी मी पुन्हा कामावर आले," काकू सांगू लागल्या. जसं काही नळ कधी आला ते सांगतायत. "घरी सगळे म्हणायचे, किती खंबीर आहेस गं! असं म्हणून ठेवल्यावर रडायची सोय राहते का? इथे आले, काटा पाहिला, दाब लिहिला, पातळी लिहिली, आणि शेऱ्यात हात आपोआप लिहून गेला : पंप ठीक. मी नाही."

"सरकारी वहीत?"

"शाईने! आणि खाडाखोड चालत नाही. महिनाअखेर ते पान गेलं वर कार्यालयात. दोन दिवसांनी इंजिनियरसाहेब ते पान घेऊन दारात हजर. म्हटलं, संपली नोकरी."

"मग?"

"मग काय! म्हणाले, 'पंप ठीक आहे हे समजलं, बाई. तुमचं काय?' मी पुन्हा काटा बघायला वळले. त्यांनी कपाटातून एक कोरं रजिस्टर काढलं, टेबलावर ठेवलं. म्हणाले, 'हे कार्यालयात पाठवायचं नाही,' आणि गेले."

ती ही दुसरी वही. म्हणजे अकरावी वही खरं तर, आधीच्या दहा भरून झाल्या होत्या. रकाने तेच चार. काकूंनी सगळ्यात जुन्या वहीतलं एक पान स्वतःच वाचून दाखवलं, माझ्या हातात दिलं नाही.

"सकाळी सात. दाब : फार. पातळी : गळ्यापर्यंत. शेरा : शेजारणीने विचारलं कशी आहेस. बरी आहे म्हणाले. खोटं." मग दोन पानं उलटून, "दुपारी तीन. दाब : कमी. पातळी : कमरेपर्यंत. शेरा : खिडकी पुसली. बाहेर झाड आहे. चार वर्षं इथे काम करतेय, पाहिलंच नव्हतं."

"काकू, मग लिहून दुःख कमी झालं?"

"छे! नोंद घेतली म्हणून पंप दुरुस्त होतो का? पण कधीपासून बिघडलाय आणि किती, ते कळतं. न कळता बिघडलेला पंप लई वाईट. एक दिवस फुटतोच." मग चष्मा वर सारून म्हणाल्या, "पंपाची खबर दर तासाला घेतात. बाईची कोण घेतं? आपली आपणच घ्यायची."

त्याच दिवशी मी विज्ञानाच्या वहीच्या मागच्या पानांवर चार रकाने आखले.

पहिल्या नोंदी वाचून आता मलाच हसू येतं. 'दुसरा तास. दाब : फार. पातळी : नाकापर्यंत. शेरा : सरांनी माझ्या पुढच्या बाकापर्यंत विचारलं आणि घंटा झाली. देव आहे.' 'मधली सुट्टी. दाब : नाही. पातळी : तळाला. शेरा : वकिलिणीने माझा डबा खाल्ला आणि वर तो तिचा हक्क आहे हे सिद्ध केलं.' 'चौथा तास. दाब : फार. पातळी : गळ्यापर्यंत. शेरा : उत्तर येत होतं. सांगितलं नाही. राग आलाय. कुणाचा? माझाच.'

कुणाला दाखवायचं नव्हतं, म्हणून खोटंही लिहायचं कारण नव्हतं. केवढी मोकळीक असते ही! तीन आठवड्यांत पानं भरत गेली, आणि एका रविवारी सगळं सलग वाचताना मी ताडकन उठून बसले. ज्या-ज्या वेळी मी काही बोलले होते (दुकानात, बसमध्ये, एकदा चक्क मुख्याध्यापिकांशी), तिथे दाब बोलण्याच्या आधी 'फार' होता, पण दोन-तीन वाक्यांनंतर 'कमी'. प्रत्येक वेळी! एकही अपवाद नाही! मला वाटत होतं मला बोलताच येत नाही. माझीच वही म्हणत होती, तुला फक्त सुरू करता येत नाही.

मी धावत पंपघर गाठलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मोटरीचं तेच असतं. चालू करताना झटका खाते, दिवेसुद्धा मंद होतात. एकदा फिरायला लागली की तिच्याइतकी गरीब कुणी नाही." मग हसून म्हणाल्या, "हे कळायला मला तीस वर्षं लागली. तुला तीन आठवडे. हुशार आहेस गं, भवाने."

पण मग त्यांनी दुसरंही सांगितलं. येत्या शनिवारी त्या निवृत्त होणार होत्या. आणि शनिवारीच नव्या शाळेत फॉर्म द्यायची शेवटची तारीख होती.

शनिवारी दुपारी पंपघरात निरोपाचा कार्यक्रम झाला. कार्यक्रम कसला, सहा खुर्च्या आणि एक टेबल. दोन फिटर, एक पहारेकरी, काकूंच्या जागी येणारी नवीन ताई, एक तरुण अधिकारी आणि आम्ही तिघी. अधिकाऱ्यांनी कागदावरून वाचलं, "यांनी अठ्ठावीस वर्षं..."

"एकतीस," काकू म्हणाल्या.

"हो, एकतीस. तर, कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत?"

फिटर एकमेकांच्या बुटांकडे पाहू लागले. एकतीस वर्षं, आणि दोन शब्द नाहीत! माझा हात वर गेला. मी उभी राहिले. मनातल्या मनात नोंद घेतली : दाब फार, पातळी नाकाच्याही वर.

"काकू," मी म्हणाले आणि थांबले. अर्थातच थांबले. पण या वेळी मला माहीत होतं की हा झटका आहे आणि तो जातो. शिट्टीने घड्याळाकडे पाहिलं नाही. मी श्वास घेतला.

"काकूंनी एकतीस वर्षं एकही तास रिकामा सोडला नाही. आमच्या शाळेत नळ उघडला की पाणी येतं. ते आपोआप येतं, असं मला नववीपर्यंत वाटत होतं. काकू पंपावर ओरडल्या की पंप ऐकतो. आमच्यावर ओरडतात, तेव्हा आम्ही शिडीवर आणखी वर चढतो."

फिटर खो खो हसले. माझ्या बोलण्यावर! तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले, आणि काकू उठल्या.

"थांब जरा," म्हणत त्या काट्याजवळ गेल्या, चष्मा लावून दाब पाहिला, पातळी पाहिली, रजिस्टरमध्ये लिहिलं. अधिकारी चुळबुळले. आम्ही सगळे थांबलो. आणि मी, हो मी, भरसभेत मध्येच थांबलेली, आरामात उभी होते. काकू परत येऊन बसल्या. "हं. बोल पुढे."

मी बोलले. पूर्ण सहा मिनिटं. दुसऱ्या वहीबद्दल एक अक्षरही नाही, ती त्यांची आहे. पण बाकी सगळं बोलले. शेवटी टाळ्या वाजल्या. सहा खुर्च्यांच्या टाळ्या त्या, पण मला विचाराल तर स्टेडियम भरलं होतं. वकीलीण चक्क रडत होती आणि डोळ्यांत तेल गेलं असा युक्तिवाद करत होती.

काकूंनी नव्या ताईला किल्ल्या दिल्या, कोट खुंटीला लावला आणि वही काखेत मारून फाटकातून बाहेर पडल्या. मागे वळून पाहिलं नाही. पंप चालू होता.

घरी पोचले तेव्हा बाबा फॉर्म टेबलावर ठेवून पेन शोधत होते. आई म्हणाली, "ये बाई लवकर, पाचला बंद होतं त्यांचं कार्यालय. तिथे तुला कुणी ओळखत नाही, सगळं नव्याने सुरू होईल बघ."

"आई, बाबा, बसा जरा," मी म्हणाले. दोघं इतके चकित झाले की खरंच बसले. "मी सही करणार नाही. मी शाळा बदलत नाहीये. सोमवारी मी पुढच्या वक्तृत्व स्पर्धेत नाव देणार आहे, त्याच सभागृहात, त्याच मुलांसमोर. कदाचित पुन्हा गप्प होईन. झाले तर होईन. पण गप्प व्हायचं झालं, तरी ते मी इथेच होणार."