एकसष्टावा माणूस

आईने बाबांचा फोटो भिंतीवरून काढला तो माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी फार चिकाटीची वगैरे वाटायला लागले, तर तुम्हाला आठवण राहील.

झालं असं, की युद्धात लढलेल्या नाविकांच्या नावांचा एक काळा दगड धक्क्यावर बसणार होता. बाबा त्या युद्धात एका जहाजावर शिंपी होते. जहाज बुडालं, बाबा परत आले, दुकान टाकलं, लग्न केलं, आम्हा दोघा भावंडांना वाढवलं आणि नऊ वर्षांपूर्वी गेले. जहाजाबद्दल अवाक्षर नाही. लहानपणी आम्ही फारच मागे लागलो तर म्हणायचे, "मी पळून गेलो होतो," आणि हसायचे. मग आम्हीही हसायचो.

त्यांचं नाव त्या दगडावर यावं, एवढंच आईच्या मनात होतं. वय चौऱ्याहत्तर, गुडघे कुरकुरतात, पण रोज सकाळी धक्क्यापर्यंत जायची आणि रिकाम्या चौथऱ्याकडे बघून यायची. नावांच्या समितीचे सचिव म्हणाले, सेवेचा कागद आणा. मी नौदलाच्या दप्तरखान्याला अर्ज केला. उत्तराचं पाकीट दुकानात आलं तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होते, म्हणून आईलाच म्हटलं, "फोड आणि वाच मोठ्याने."

तिने वाचलं. "रुग्णालयातून न सांगता पळून गेला. नवव्या दिवशी स्वतः हजर. दरम्यान जहाज बुडाले. कुठे होता याचा खुलासा देण्यास नकार. शिक्षा, तीन महिने."

गिऱ्हाईक हात आडवे पसरून तसंच उभं राहिलं. आईने कागदाची घडी घातली, चष्मा काढला आणि घरी निघून गेली. मी दुकान बंद करून पोचले तेव्हा भिंतीवर फोटोच्या जागी एक पांढरट चौकोन होता. फोटो कपाटात, चादरींच्या खाली.

"लोक बुडत होते," ती म्हणाली, "आणि हे कुठे होते?"

त्या दिवसापासून तिचं सकाळचं फिरणं बंद झालं.

दादाने मला फैलावर घेतलं. दादा लोकांना मोटार चालवायला शिकवतो, त्यामुळे त्याचा पाय कायम ब्रेकवर. "तुला कोणी सांगितलं होतं उकरायला? आता तरी गप्प बस."

पण मला ते पटेचना. मी बाबांच्या हाताखाली बावीस वर्षं काढली. अर्धं काम मशीनवर ठेवून हा माणूस कधी जेवायलासुद्धा उठला नाही. खुंटीवर एक जरी कपडा शिवायचा राहिला असेल, तर दुकानाला कुलूप लागत नसे. यावरून आईची आणि त्यांची इतकी भांडणं झाली, की शेजारच्या घड्याळवाल्याला ती पाठ होती. असा माणूस जहाज सोडून पळेल?

मग मी जुन्या नाविकांच्या मासिक पत्रकात निवेदन दिलं. बाबांचं पूर्ण नाव, जहाजाचं नाव, ओळखत असल्यास कृपया कळवावे. चौदा पत्रं आली. चौदाही जणांनी अगदी सभ्यपणे लिहिलं होतं, की या नावाचा कोणी माणूस आमच्या जहाजावर नव्हता. चौदापैकी एकाने खाली दोन ओळी जास्त लिहिल्या होत्या. "पण चहाला या. हल्ली जहाजाबद्दल कोणी विचारत नाही."

दादा म्हणाला, "काय करणार आहेस जाऊन? चहा पिणार?"

"हो," मी म्हटलं आणि बस पकडली.

पत्र लिहिणारे आजोबा बॉयलरवर काम करायचे. एका खोलीत राहत होते. खोली इतकी नीटनेटकी, की बसायला संकोच वाटावा. पांघरुणाची घडी फूटपट्टीने घातल्यासारखी. जहाजावर त्यांना सगळे भट्टी म्हणायचे, हे त्यांनी पहिल्या मिनिटात सांगितलं. बाबांचं नाव मी चार वेळा सांगितलं, चारही वेळा त्यांनी मान हलवली. चहा झाला. मी निराश होऊन उठले, आणि दारामागे खिळ्याला टांगलेलं ते जाकीट दिसलं.

जुनं, जाड कॅनव्हासचं, आत बुचाचे तुकडे घातलेलं. पाण्यात पडल्यावर माणसाला तरंगत ठेवणारं जाकीट, दोन पट्ट्यांनी छातीवर आवळायचं. आता शिंपी माणूस कुठलाही कपडा पाहिला की आधी उलटा करतो. लग्नात नवरीचा करतो, रेल्वेत अनोळखी माणसाच्या कोटाचा करावासा वाटतो. वाईट खोड आहे. मी न विचारताच पट्टा उलटा केला.

डावीकडे झुकलेले उलटे टाके. शेवटी तीन टाके मागे आणि गाठ घडीच्या आत लपवलेली, बोट फिरवलं तरच कळावी अशी. बाबा डावरे होते. मी त्यांच्या समोर बसून शिकले, आरशात बघून शिकावं तशी. ते टाके मी डोळे मिटूनही ओळखले असते. मी त्या फूटपट्टीने घडी घातलेल्या पांघरुणावर बसकण मारली.

"काका, हे कोणी शिवलं?"

"ते? आमच्या सुईने."

"सुई?"

"शिंपी होता आमचा. डावखुरा. सगळे सुईच म्हणायचे."

"त्यांचं खरं नाव?"

"पोरी, मला माझंच खरं नाव फक्त हजेरीला आठवायचं!"

मी रडायला लागले, हसायलाही लागले, आणि ते बिचारे पाण्याचा पेला घेऊन माझ्याभोवती फिरत राहिले. मी त्यांना सांगितलं, सुई माझा बाप. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि सांगायला घेतलं.

त्या महिन्यात तपासणी झाली होती. खाऱ्या पाण्याने एक्कावन्न जाकिटांच्या पट्ट्यांचा दोरा कुजलेला निघाला. सुईने सगळे पट्टे उसवले. पट्टे एकीकडे, जाकिटं एकीकडे, असा ढीग पडलेला असताना त्याचा उजवा हात लोखंडी झाकणाखाली सापडला. दोन बोटं चेचली. त्याला किनाऱ्यावर रुग्णालयात ठेवलं. बंदरात आणखी दोन आठवडे राहायचं होतं, त्यामुळे कोणाला चिंता नव्हती. पण तिसऱ्या दिवशी अचानक हुकूम आला, आज निघायचं.

"आणि भाजीच्या पेट्या चढवत होतो," भट्टीकाका म्हणाले, "तेव्हा एका पेटीमागून हा वर आला. अंगात रुग्णालयाचा सदरा, हाताला हे एवढं बँडेज. मी म्हटलं, मेल्या, तू इथे कसा? म्हणाला, एक्कावन्न जाकिटं उसवून ठेवलीत मी. कोण शिवणार, तू? डावा हात शाबूत आहे माझा."

दोन दिवस तो कोठारात बसून शिवत होता. जेवण तिथेच. दुसऱ्या दिवशी दुपारी जहाजाला तडाखा बसला तेव्हा चाळिसावं जाकीट त्याच्या मांडीवर होतं. ते भट्टीकाकांचं.

"भोंगा वाजत होता, जहाज कलायला लागलेलं. मी म्हणतो, दे तसंच. हा म्हणतो, दोन मिनिटं थांब. अशा वेळी कोणी म्हणतं का, दोन मिनिटं थांब?"

बाबा म्हणायचे. दाराशी ताटकळलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचे. मी दुसरा पट्टा उलटा केला. अर्ध्यापर्यंत तेच बारीक टाके आणि पुढे सात लांब, वेडेवाकडे, घाईचे. मी त्यांना असे टाके घालताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांची उजव्या हाताची दोन वाकडी बोटं मात्र रोज पाहिली होती. दारात सापडली, असं सांगायचे.

"मग ते यादीत का नाहीत, काका?"

भट्टीकाकांचा चेहरा उतरला. "ते दौतला विचारावं लागेल."

दौत म्हणजे जहाजावरचे कारकून. दोन गल्ल्या पलीकडे राहायचे, कोणात मिसळत नसत. दार उघडून त्यांनी भट्टीकाकांकडे पाहिलं, मग मी बाबांचं खरं नाव घेतलं, तसे ते भिंतीला धरून खाली बसले.

"पत्रक वाचलं होतं मी," ते म्हणाले. "दोनदा उत्तर लिहायला बसलो. भ्यालो."

मला संताप आला, खोटं कशाला सांगू. पण मी ऐकून घेतलं. ज्या जहाजाने त्यांना पाण्यातून उचललं, त्यावर दौतकाकांनी वाचलेल्यांची मोजणी केली. निघताना जेवढे होते त्यातून गेलेले वजा केले, तर साठ यायला हवेत. डेकवर होते एकसष्ट. बुडालेल्या जहाजावरून एक माणूस जास्त वाचला, हे वर कसं कळवायचं? कारकुनाचा जीव तो, त्याला बेरीज जुळायला हवी होती. एकसष्टावा होता सुई. कागदोपत्री तो रुग्णालयात आरामात पडलेला.

"मी त्याला विचारलं, तुझं नाव कसं घालू रे? तो म्हणाला, नको घालूस. अकरा राहिले, म्हणाला. तेवढंच बोलत होता. अकरा राहिले. ज्यांची जाकिटं राहिली, त्या अकरांपैकी चौघे परत आले नव्हते. मी साठ लिहिले आणि पाठवून दिले. नंतर कळलं, त्याला पळाल्याबद्दल धरलंय. त्याने कुठे होतो ते सांगितलं असतं, तर माझी यादी खोटी ठरली असती. माझं लग्न ठरलं होतं. तो तीन महिने आत बसला आणि माझं नाव घेतलं नाही त्याने."

एवढं बोलून ते उठले आणि कपाटातून एक छोटी वही काढली. फुगलेली पानं, पेन्सिलीची अक्षरं. डेकवर मोजताना लिहिलेली मूळ यादी. पन्नास वर्षं जाळायचं धाडस झालं नव्हतं आणि दाखवायचंही.

"शनिवारी अकरा वाजता," मी म्हटलं. "समितीच्या सभागृहात. आणि काका, आता भ्यायचं नाही."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत राहिली. "ऐकीव आहे," म्हणाली. "मला हातात दाखव." जाकीट मागितलं तर भट्टीकाकांनी साफ नकार दिला होता. ते माझ्याबरोबर येतं, एकटं कुठे जात नाही, म्हणाले. तेव्हा आईला गाडीतून सभागृहात न्यायचं दादाने अंगावर घेतलं, आणि ब्रेक सोडायचाही त्याला येतो हे त्या दिवशी कळलं.

शनिवारी सभागृहात सचिव आणि समितीचे चौघे लांब टेबलामागे बसले होते. आई पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी दोघांची वाट बघत होते. दार उघडलं आणि सहा जण आत आले. भट्टीकाकांनी आठवडाभर फोन करकरून जमवले होते. बाकीचे चौघे "असा माणूस नव्हता" म्हणून लिहिणाऱ्यांतलेच. एकाच्या हातात काठी, एकाला ऐकू येत नाही, पण आत येताच न सांगता एका ओळीत उभे राहिले.

सचिव भला माणूस, पण कागदाशिवाय श्वास घेत नाही. त्यांनी फाइलमधून सरकारी यादी काढली. साठ. दौतकाका पुढे झाले, वही शेजारी ठेवली. "ही यादी माझ्या हातची आणि तीही माझ्याच हातची. ही खरी. ती खोटी मी केली. हवं तर हे लिहून घ्या, सही करतो."

सचिवांनी बोट ठेवून एकेक नाव ताडून पाहिलं. आम्ही सगळे त्या बोटाकडे बघत होतो. साठ जुळली. बोट एकसष्टाव्यावर थांबलं आणि त्यांनी बाबांचं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं.

"हा सुई?" ऐकू न येणाऱ्यांनी शेजाऱ्याला ओरडून विचारलं. शेजारी तेवढ्याच जोरात "हो!" म्हणाला, तर ते तरातरा आईपुढे आले. "वहिनी, माझं जाकीट त्याने शिवलं होतं. रात्रभर पाण्यात होतो मी."

"माझंही," काठीवाले म्हणाले. मग तिसरे. मग चौथे. एकेक जण पुढे येऊन आईला तेच सांगत होता, आणि आई प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती.

शेवटी भट्टीकाकांनी जाकीट तिच्या मांडीवर ठेवलं. तिने ते उलटं केलं. बाबांच्या शेजारी बसून तिने तीस वर्षं काजं केली होती, तिला चष्मा लागला नाही. अंगठा टाक्यांवरून फिरला, घडीत शिरला, गाठ सापडली. मग दुसरा पट्टा. लांब टाक्यांपाशी ती थांबली.

"हे त्यांचे नाहीत."

"त्याचेच," भट्टीकाका म्हणाले. "भोंगा वाजल्यानंतरचे."

आईने ते मोजले. सात. मग जाकिटात तोंड खुपसून ती रडली, मोठ्याने, चारचौघांत, आणि मी तिला थांबवलं नाही. मीही तेच करत होते. दादा खिडकीकडे तोंड करून उभा होता.

सचिवांनी घसा खाकरला. "काकू, नाव जाईल दगडावर. शिक्षा रद्द करण्यासाठी मी स्वतः नौदलाला लिहितो."

आईने डोळे पुसले. "आणि तुमच्या यादीत?"

सचिवांनी पेन उघडलं, साठचा आकडा खोडला आणि वर एकसष्ट लिहिलं. दौतकाकांनी ते पाहिलं. बेरीज चुकली होती, आणि इतका सुखी कारकून मी दुसरा पाहिला नाही.

बाहेर पडताना दौतकाका आईसमोर मान खाली घालून उभे राहिले. "रविवारी जेवायला या," ती म्हणाली. "सगळेच या. मला सगळं पहिल्यापासून ऐकायचंय."

घरी आल्यावर तिने चपला काढायच्या आधी कपाट उघडलं. दादाला स्टुलावर चढवलं आणि खालून हुकूम सोडले, डावीकडे घे, थोडं वर, अरे तिरका लावलास. फोटो बरोबर त्या पांढरट चौकोनात बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती धक्क्यावर गेली. वाटेत घड्याळवाला भेटला, बाबांच्या त्या कागदाचं काय झालं म्हणून चौकशी करू लागला.

"पळून गेले होते हो," आई खणखणीत आवाजात म्हणाली. "कुठे गेले होते, ते विचारा!"