सदोष शेगडा

अमळनेरच्या बाजारपेठेत लोखंडी सामानाचे दुकान चालविणाऱ्या नेमीचंद शेठांचा एक सिद्धांत होता: जे बाजारात सुबक मिळते ते घरी ओबडधोबड करीत बसणे हा उद्योग नव्हे, हट्ट होय. त्यांचा बालमित्र सुकदेव म्हणजे या सिद्धांताचे चालतेबोलते खंडन. तेलगिरणीतून निवृत्त झाल्यापासून त्याने परसातल्या पत्र्याच्या खोलीत जी अवजारे घडविली, त्यांत विकत आणलेले जवळजवळ काहीच नव्हते. रंध्याचे पाते ट्रकच्या मोडक्या कमानीचे, गिरमिटाचा दांडा सायकलच्या पायडलचा, धार लावण्याचा दगड शिलाई यंत्राच्या मोटरीवर फिरणारा. शेठ सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकून रोज तेथे जात, प्रत्येक वस्तूत खोड काढीत आणि तृप्त होऊन घरी परतत.

दिवाळीनंतर सुकदेवला अर्धांगाचा सौम्य झटका आला. चाल सावरली, वाचा सावरली. उजव्या हाताचा कंप मात्र राहिला. खोलीचे दार त्याने लावले ते लावलेच.

"नेमीभाऊ," एका संध्याकाळी त्याची पत्नी भागाबाई शेठांना म्हणाली, "हे म्हणतात, खोलीतलं बठ्ठं भंगारात देऊन टाक. उद्या गाडीवाला येणार शे."

"आणि वहिनी, तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणू? ठोकाठोक होती तेव्हा कान किटायचे. आता घर खायला उठतं."

शेठ खिन्न होऊन परतले. दुकानात, घरात, जैन स्थानकात त्यांच्या प्रत्येक मताला माना डोलत. ठामपणे 'चूक' म्हणणारे माणूस साऱ्या गावात एकच होते, आणि ते उद्या स्वतःलाच मोडीत काढणार होते. समजूत घालून सुकदेव ऐकणार नाही, हे शेठांना ठाऊक होते. त्याला चिडविले पाहिजे.

सकाळी त्यांनी दुकानाच्या कोपऱ्यातून एक शेगडा उचलला. वस्तू घट्ट धरून ठेवणारा हा लोखंडी जबडा दिसायला देखणा होता. पण जबडे एका अंगाने मिटत नाहीत म्हणून गिऱ्हाइकाने तो परत केला होता. सदोष माल निर्दोष म्हणून शेठांनी जन्मात खपविला नव्हता. आज ते पाप पदरी घेऊन ते रिक्षात बसले.

"हाई काय लई उना, शेठ?" शेठांच्या हातातल्या ओझ्याकडे बोट दाखवीत बाजेवरून सुकदेवने विचारले.

"शेगडा. निर्दोष. तुझ्या भंगाराच्या जागी ही एक वस्तू ठेव, म्हणजे खोलीला शोभा येईल. असले काम तुझ्या सात पिढ्यांना साधायचे नाही."

"माझ्या पिढ्या काढू नका. तुमच्या दुकानात चकाकतं ते बठ्ठं सोनं!"

सुकदेव उठला. वर्तमानपत्राचा कपटा जबड्यात धरून त्याने डाव्या हाताने दांडा आवळला. कागद एका टोकाला घट्ट बसला, दुसऱ्या टोकाने अलगद निसटला.

"हा निर्दोष? अहो, म्हाताऱ्याची कवळी बरी याच्यापेक्षा!"

"कागदात दोष असेल," शेठ निर्लज्जपणे म्हणाले.

मग सुकदेवने स्वतःच खोलीचे दार उघडले. सरकता जबडा सुटा करून त्याने बाकावर पक्का केला, उंच राहिलेल्या भागावर कानस टेकवली आणि घासू लागला. हात थरथरला, कानस निसटून लोखंडावर नवाच ओरखडा उठला. दुसऱ्यांदा तेच. त्याने कानस भिरकावली.

"न्या शेठ, घेऊन जा. तुम्ही जिंकलात."

शेठांना या विजयाची विलक्षण भीती वाटली. बाहेर गाडीवाल्याची आरोळी ऐकू येऊ लागली होती. ते घाईने म्हणाले, "हात धरून ठेवणारे एखादे यंत्र कंपनी काढीत असेल. मागवतो."

"कंपनी?" सुकदेव गर्रकन वळला. "कंपनी दहा हजार हातांसाठी करते. हा माझा एकट्याचा हात. याचं माप तिला कोण देणार?"

तो डब्यात काही चाचपू लागला. जुन्या मोपेडची दोन बेअरिंगे निघाली. जबड्याच्या दोन्ही बाजूंना ती सारख्या उंचीवर बसवायची. कानस त्यांच्यावर टेकून पुढेमागे फिरेल. हात कितीही थरथरो, कानस कलणार नाही आणि ठरल्या रेषेखाली घासणारही नाही. बोल्ट आवळायला स्थिर हात मात्र शेठांचेच होते.

"अरे, माझा सदरा पांढरा आहे!"

"होता."

आरोळी दारात आली. भागाबाई खोलीच्या उंबऱ्यात क्षणभर थांबली. आत दोन म्हातारे एका बोल्टावरून भांडत होते. ती मागे वळली आणि गाडीवाल्याला गच्चीवरचा गंजका कूलर देऊन तिने वाटेला लावले.

कानस फिरली. कुरकुर करीत, पण सरळ. लोखंडावर स्वच्छ उजळ पट्टा उमटला. सुकदेव दमला तेव्हा शेठांनी मोठ्या आत्मविश्वासाने कानस हाती घेतली.

"मागे येताना उचला, शेठ! घासत मागे ओढली की कानशीचे दात मरतात. जन्मभर कानशी विकल्यात, पण एकही कधी चालवली नाहीत."

"विकणाऱ्याने चालवून पाहिली तर ती नवी कशी राहील?" शेठ म्हणाले, आणि वाद रंगला.