डाव्या हाताची थापी

मी थापी बोलतेय. गिलावा करायची, टोकदार, लाकडी मुठीची. मालाडच्या बाजारात खंडू गवंड्याने मला निवडलं, तेव्हा दहा जणींना दुकानाच्या पायरीवर वाजवून पाहिलं होतं. मी खणखणीत वाजले. त्याचा अभिमान मला अजून आहे.

खंडू मूळचा जालन्याकडचा, आता दिंडोशीला राहतो. तेरा वर्षं मी त्याच्या उजव्या हातात होते. गवंडी शेजाऱ्याला पाटी देईल, घमेलं देईल, पण आपली थापी दुसऱ्याच्या हाती देणार नाही. तिचं वळण बिघडतं, म्हणतात.

घोळ सुरू झाला त्याच्या मुलीपासून. बुद्धपौर्णिमेला सगळे कान्हेरीच्या लेण्यांना गेले होते. थैलीत मी होतेच, कारण खंडूला सुट्टीतही माझ्याशिवाय करमत नाही. लोक मूर्ती बघत होते आणि हा गडी कातळातल्या पाण्याच्या टाक्यांपाशी अडकला. "चेतना, उतार बघ. इतकी वर्षं झाली, पाणी अजून बरोब्बर टाक्यात जातंय. लेव्हलची नळी तरी होती का त्यांच्याकडे?" नववीतल्या चेतनाने त्यावर जे डोळे मोठे केले, ते आजतागायत लहान झालेले नाहीत.

खंडूला तिला सिव्हिल इंजिनिअर करायचं होतं. तिने बीएला इतिहास आणि प्राचीन भारतीय संस्कृती घेतली. पुढे दोन वर्षं पुरातत्त्वात एमए, मग उत्खननावर काम, जमलं तर पीएचडी. हा बेत ऐकून खंडू म्हणाला, "एवढं शिकून शेवटी मातीच उकरायची? ती मी न शिकता उकरतो." बीए झालं की बँकेच्या परीक्षा द्यायच्या, एमए वगैरे नाही, असं त्याने सांगून टाकलं.

शेवटच्या वर्षी कॉलेजातल्या शर्मिष्ठा मॅडम मुलांना पंधरा दिवस उत्खननावर घेऊन निघाल्या. सामानाच्या यादीत थापी होती. "पप्पा, द्या ना. पंधराच दिवस." खंडूने मला तीनदा धुतलं, पुसलं आणि तोंड फिरवून दिलं.

चेतना डावखुरी. पहिले दोन दिवस माझी पार वाट लागली. तिसऱ्या दिवशी खड्ड्याची उभी बाजू जराशी ढासळली. गवंड्याची पोर ती, तिला बघवेना. ओली माती घेऊन तिने ती बाजू झकास गुळगुळीत लिंपून काढली. मीही हौसेने साथ दिली, खोटं कशाला बोलू?

मॅडम आल्या आणि मटकन खाली बसल्या. "अगं, इथले मातीचे थर वाचायचे असतात! तू सगळे झाकून टाकलेस." चेतना रडली. मलाही फार लाज वाटली. मग मॅडमनी कानस दिली, माझी एक कड घासून धारदार करायला लावली आणि ते सगळं लिंपण तिच्याकडूनच हळूहळू तासून घेतलं.

नवव्या दिवशी माती तासताना माझा आवाज बदलला. बाकीचे आणखी खोल जायला निघाले, तेवढ्यात चेतना ओरडली, "थांबा रे! ही नुसती माती नाहीये, कोबा आहे. चुना घालून धोपटलेला. आमच्या घरी रोज याच्याच गप्पा असतात." खरंच एका जुन्या घराची जमीन निघाली. मॅडम म्हणाल्या, "एमएचा फॉर्म भर. शिफारसपत्र मी देते." आता उरला होता फक्त खंडूचा होकार.

घरी आल्याआल्या खंडूने मला हातात घेतलं. लेकीकडे बघितलंही नाही. मोरीच्या भिंतीचं काम अर्धवट होतं, तिथे त्याने गिलाव्याचा एक हात मारला. लांबच लांब ओरखडा उमटला. पुन्हा मारला, पुन्हा ओरखडा. माझी कड धारदार झाली होती, आणि तीही डाव्या हाताच्या सोयीची. चेतनाचा चेहरा उतरला.

"ही काय आता माझ्या कामाची राहिली नाही," खंडू म्हणाला. त्याने मला उलटसुलट फिरवून पाहिलं, अंगठ्याने धार तपासली. "कानस मात्र बरी मारलीस. ठेव तुलाच. फॉर्मची शेवटची तारीख कधीये?"

आता मी चेतनाच्या सॅकमध्ये राहते. एमएचं पहिलं वर्ष चालू आहे आणि माझं टोक बोटभर झिजलंय. मजेत आहे. खंडूने मालाडहून नवी थापी आणलीय, तीही खणखणीत वाजते म्हणे. तिला एवढंच सांगणं आहे: बाई, सुट्टीच्या दिवशी त्याला एकटं सोडू नकोस.