अकरा नंबरची जागा

आपण ट्रेलर मागे घेताना कुणी बघू नये असं ज्याला वाटतं, त्याने घोड्यांच्या कॅम्पला येऊच नये. तिथे बघायला दुसरं असतंच काय? ऑक्टोबरचा दुसरा शुक्रवार उजाडला की खोगीर क्लबची मंडळी दुपारी दोनपासून घडीच्या खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून मांडतात, मांडीवर कॉफीचे मग ठेवतात आणि येईल त्या गाडीला कागदी थाळीवर आकडा लिहून मार्क देतात. दहापैकी. कुणाचा ट्रेलर झुडपात घुसला की शून्याची थाळी वर जाते आणि तो शून्य पुढच्या ऑक्टोबरपर्यंत त्या माणसाच्या पाठीला चिकटून राहतो.

ही थाळ्यांची टूम मुळात नेडीन स्टकीनेच काढलेली, बावीस वर्षांपूर्वी. तेव्हा तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. गाडी तिचा नवरा वर्लिन चालवायचा आणि त्याला कधी आठाखाली मार्क पडले नाहीत. आज मात्र एकाहत्तराव्या वर्षी ती पहिल्यांदाच एकटी आली होती. पिकअप ती चालवत होती, मागच्या ट्रेलरमध्ये डीकन आणि पेनी हे दोन घोडे होते, आणि वर्लिनला जाऊन आठ महिने झाले होते.

वळणावरून तिला खुर्च्या दिसल्या आणि तिने गाडीचा वेग कमी केला.

एरवी मार्क कमी पडले तर हसं होतं, बाकी काही नाही. या खेपेची गोष्ट वेगळी होती. सप्टेंबरात तिचा मुलगा क्रेग स्वयंपाकघरात येऊन बसला आणि म्हणाला, "आई, रागावू नकोस."

"असं म्हणून सुरू केलेल्या बोलण्यावर मी आजवर न रागावता राहिलेली नाही," नेडीन म्हणाली. "बोल."

"घोडे आता विकू या. तुला एकटीला झेपायचे नाहीत. डीकनला एक घोडेस्वारीची शाळा मागतेय आणि पेनीला बेडफर्डचा एक माणूस."

"म्हणजे दोघांची ताटातूट?"

"घोडे आहेत ते, आई."

घोडे आहेत, हे काय तिला माहीत नव्हतं? पण पेनी अर्धा तास नजरेआड झाली तर डीकन खिंकाळून खिंकाळून आख्खं शेत डोक्यावर घेतो, हेही तिला माहीत होतं. पेनी वर्लिनची घोडी. तो गेला त्या आठवड्यात ती कुंपणाशी उभी राहून फाटकाकडे बघत राहायची, आणि डीकन तिच्या मानेवर मान टाकून शेजारी उभा असायचा. नेडीनला रडू यायचं ते त्या दोघांकडे बघून, नातेवाईकांकडे बघून नव्हे.

शेवटी बरीच वादावादी होऊन क्रेगने अट घातली. आईने कॅम्पला एकटीने जायचं आणि ट्रेलर नेहमीच्या अकरा नंबरच्या जागेत स्वतः लावायचा. जमलं, तर तो हा विषय आयुष्यात परत काढणार नाही. तिथे कुणाच्या हातात किल्ली द्यावी लागली, तर सोमवारी बेडफर्डच्या माणसाला फोन.

"आणि मी खोटं सांगितलं तर?"

"मी एल्डनकाकांना विचारेन."

एल्डन हा नेडीनच्या जिवलग मैत्रिणीचा, मार्डेलचा नवरा. त्या माणसाला खोटं बोलताच येत नाही. स्वतःच्या लग्नात सासूने विचारलं, केक कसा झालाय, तर हा म्हणाला, कोरडा झालाय. सासू चार वर्षं बोलत नव्हती.

नेडीनने आठवडाभर घरच्या गवताच्या शेतात सराव केला. तिथे चांगलं जमत होतं. पण शेतात झाडं नसतात.

अकरा नंबर म्हणजे वळणावरची अवघड जागा. दोन हिकरीच्या झाडांमधून ट्रेलर मागे न्यायचा, आणि त्यामागे घोड्यांची दावण, म्हणजे दोन ओकच्या झाडांना डोक्याच्या वर ताणलेला दोर. कॅम्पात याहून सोप्या जागा बक्कळ आहेत. पण पहिल्या वर्षी, तिची आणि वर्लिनची पस्तिशीही उलटली नव्हती तेव्हा, ते पोहोचले उशिरा आणि तेवढीच जागा उरली होती. वर्लिनने एकट्यानेच ट्रेलर मागे घेतला आणि डाव्या हिकरीला ठोकला. झाडाची साल हातभर सोलली गेली. तो व्रण अजून आहे. आता तो वाढत वाढत नेडीनच्या डोक्याच्याही वर गेलाय, असं वर्लिन नवख्या लोकांना सांगायचा. झाडं बुंध्याशी तशी वाढत नाहीत, एल्डन त्याला दर वर्षी सांगायचा.

दुसऱ्या वर्षापासून नेडीन त्या हिकरीच्या मुळाशी लाल जाकीट घालून उभी राहू लागली. हात हलवून, ओरडून, पाय आपटून तिने त्याला आत घ्यायचं. ये, ये, डावीकडे, अरे डावीकडे, बास. वर्लिन खाली उतरायचा, टोपी मागे सारायचा आणि दर वर्षी एकच वाक्य म्हणायचा, "तू नसतीस तर जमलं नसतं बघ." आणि नेडीन ताठ मानेने खुर्च्यांकडे बघायची. अडतीस वर्षं गाडी वर्लिनने चालवली असेल, पण ट्रेलर लावला तो मी, असं तिचं ठाम मत होतं, आणि ते तिने कुणापासून लपवून ठेवलं नव्हतं.

काय दिवस होते ते. तेव्हा अकरा कुटुंबं यायची. सगळ्यांनी मिळून मोठा कॅनव्हासचा तंबू उभारायचा, त्याचा मधला खांब एल्डनच्या बापाने कापून आणलेला. घोड्यांना तोबरे चढेपर्यंत माणसांनी घास तोंडात घालायचा नाही, हा नियम. मग तंबूत बीन्स आणि मक्याचा पाव, वर मार्डेलचं पर्सिमनच्या फळांचं पुडिंग, आणि पोरं गवताच्या गठ्ठ्यांवर झोपून गेलेली. आता पाच कुटुंबं उरली होती. तंबू तोच होता. खांबही तोच.

नेडीनने काच खाली केली, ट्रेलर वळणाच्या पुढे नेला आणि रिव्हर्स टाकला.

पहिल्या खेपेला ट्रेलर भलत्याच बाजूला वळला. चाक उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो, हे तिला पाठ होतं, पण पाठ असणं वेगळं आणि मागे दोन घोडे टापा आपटत असणं वेगळं. तिने गाडी पुढे घेतली. दुसऱ्या खेपेला ट्रेलर चाकू मिटावा तसा पिकअपशी मिटला आणि पाण्याच्या नळाचा खांब वीतभर अंतरावर राहिला. आत डीकनने जोरात लाथ मारली.

तिने खुर्च्यांकडे बघितलं. सगळे बसले होते, मांडीवर थाळ्याही होत्या, पण एकही वर गेली नव्हती. कुणी बुटाकडे बघत होतं, कुणी कॉफीत. मार्डेल तर चक्क झाडाची पानं मोजत असल्यासारखी वर बघत होती.

आता हे मात्र नेडीनला सहन होईना. ती गाडीतून उतरली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"थाळ्या कुठे आहेत?"

एकाने मांडीवरची थाळी खुर्चीखाली सरकवली.

"मी विचारतेय थाळ्या कुठे आहेत? बावीस वर्षं सगळ्यांना मार्क दिलेत, आणि मी आले की सगळ्यांची पेनं आटली? नवरा मेलाय माझा. मी नाही मेलेले."

मग एल्डनने शांतपणे पेन काढलं, थाळीवर काहीतरी लिहिलं आणि ती वर धरली. दोन.

"दोन कशाबद्दल?" नेडीनने विचारलं.

"नळ वाचला त्याबद्दल," एल्डन म्हणाला.

सगळे हसले, नेडीनही हसली, आणि तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. म्हणून ती घाईने पाठ फिरवून पिकअपकडे निघाली. मार्डेल खुर्चीतून उठून तिच्या मागोमाग आली आणि दारापाशी तिला गाठलं.

"ते जाकीट आण इकडे," ती हळू आवाजात म्हणाली.

लाल जाकीट सीटच्या मागे खुंटीला होतं. यंदा ते कुणासाठी घालायचं, म्हणून नेडीनने ते अंगावर घेतलंच नव्हतं.

"तुला कशाला हवंय?"

"थंडी वाजतेय. आणि तासभर बसून बसून माझी कंबर धरलीय. तू चढ आत. मी उभी राहते तिथे."

"अगं, पण अट आहे क्रेगची."

मार्डेलने मागे वळून नवऱ्याला हाक मारली. "एल्डन, अट काय आहे?"

"किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, एवढंच सांगितलंय क्रेगने मला," एल्डन म्हणाला. "पण तू तिथे उभी होतीस हे मला सांगावं लागेल."

"सांग," नेडीन म्हणाली. "खुशाल सांग. त्याच्या बापासाठी अडतीस वर्षं कुणीतरी तिथे उभं होतं, हेही सांग."

मार्डेलने जाकीट घातलं. ते तिला पोटावर आवळत होतं. ती तुरुतुरु चालत डाव्या हिकरीपाशी गेली, मुळावर पाय रोवून उभी राहिली आणि तिने नेडीनची हुबेहूब नक्कल सुरू केली. दोन्ही हात पंख्यासारखे गरागरा, मग एक हात वर, दुसरा कमरेवर, मग पाय आपटणं, मग मान हलवून ओरडणं, "ये, ये, डावीकडे, अरे देवा, डावीकडे." खुर्च्यांमध्ये हसून हसून एकाच्या हातातली कॉफी सांडली. अडतीस वर्षं पाहिलेली गोष्ट, कुणाला ओळखू येणार नाही?

नेडीन स्टिअरिंगवर बसली आणि तिने डाव्या आरशात बघितलं.

आरशात बोटाएवढी लाल बाई दिसत होती आणि ती नाचत होती. नेडीनने डोळे बारीक केले. तो हात वर केला तो ये म्हणून की थांब म्हणून? आता हलवतेय ते डावीकडे की माशी वारतेय? इंजिनाच्या घरघरीत ओरडण्यातलं तर एक अक्षर ऐकू येत नव्हतं. नेडीनने नीट बघितलं, पुन्हा बघितलं. छे. त्यातून काही म्हणजे काही कळत नव्हतं. कुणालाच कळलं नसतं.

आणि मग गिअरकडे गेलेला तिचा हात मधेच थांबला.

वर्लिनलाही कधी कळलं नव्हतं. अडतीस वर्षांत एकदाही नाही. ती तिथे घसा फोडत होती, डावीकडे सांगत होती, उजवीकडे सांगत होती, आणि तो इथे बसून, याच आरशात, एक लाल ठिपका नाचताना बघत होता. ती सांगेल ते त्याने कधीच केलं नव्हतं, कारण ती काय सांगतेय हे त्याला दिसतच नव्हतं. आणि दर वर्षी खाली उतरून टोपी मागे सारून तो म्हणायचा, तू नसतीस तर जमलं नसतं. लबाड माणूस. लबाड, गोड, चांगला माणूस. नेडीनला हसू आलं आणि त्याच वेळी तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. आठ महिन्यांत त्याची इतकी आठवण तिला एकदाही आली नव्हती.

पण पहिल्या वर्षी त्याने झाड ठोकलं होतं, हेही खरं होतं. आणि दुसऱ्या वर्षापासून कधी ठोकलं नाही.

तिने आरशातल्या त्या हलणाऱ्या हातांकडे बघणं सोडून दिलं. मार्डेल काय खुणा करतेय, तिकडे लक्षच दिलं नाही. तिने फक्त ते लाल आरशात धरून ठेवलं. ते आरशाच्या मध्यावर असलं की ट्रेलर सरळ होता. ते कडेला सरकलं की चाक जरासं फिरवायचं आणि ते परत मध्ये आणायचं. बास, एवढंच होतं ते. लाल हळूहळू मोठं होत गेलं. आधी जाकिटाची बटणं दिसली, मग मार्डेलचं तोंड, मग तिचे दात. डावं चाक कशावर तरी चढलं आणि गाडी थांबली.

मागे दोन्ही हिकरी जागच्या जागी उभ्या होत्या.

खुर्च्यांमधून थाळ्या वर आल्या. नऊ, नऊ, दहा, आणि एल्डनची सात.

"सातच का रे?" कुणीतरी ओरडून विचारलं.

"डावं चाक मुळावर आहे," एल्डन म्हणाला. आणि थाळी खाली ठेवत पुढे म्हणाला, "वर्लिनचंही दर वर्षी मुळावरच असायचं. त्यालाही मी सातच दिले असते, पण तेव्हा मी थाळी घेत नव्हतो, मार्क तुम्ही द्यायचात."

"क्रेगला काय सांगशील?" नेडीनने खिडकीतून विचारलं.

"ट्रेलर तू लावलास. सात मार्कांत."

डीकनने आतून खिंकाळून विचारलं असावं की उतरवताय की नाही, आणि पेनीने नाकातून फुर्र केलं. दोघांना एकाच दावणीला बांधायचं होतं, शेजारी शेजारी, दर वर्षीसारखं. मग तोबरे, मग माणसांची बीन्स.

मार्डेल धापा टाकत खिडकीपाशी आली. तिचे केस विस्कटले होते, चेहरा लालबुंद झाला होता, आणि ती अशा तोऱ्यात होती की जणू ट्रेलर तिने उचलून आत ठेवलाय. नक्कल करायला गेली खरी, पण मधेच कधीतरी ती मनापासून हात हलवायला लागली असणार.

"काय गं," ती म्हणाली, "मी काय सांगत होते ते कळत होतं ना सगळं?"

नेडीनने तिच्याकडे बघितलं. त्या लाल जाकिटाकडे बघितलं. खरं काय ते तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"तू नसतीस तर जमलं नसतं बघ," ती म्हणाली.

मार्डेलने मान ताठ करून खुर्च्यांकडे बघितलं. नेडीन खाली उतरली आणि घोडे सोडायला मागे गेली.