झेंडूचा देठ

खंडेनवमीला माझ्या भाच्याने, सुहासने, करी रोडच्या टॉवरमध्ये आपल्या नव्या जॉयस्टिक आणि थ्रॉटलला झेंडू वाहिला. गेममधलं अवकाशयान चालवणारं यंत्र आहे म्हणे. दसऱ्याला ते यान आपोआप डावीकडे वळायला लागलं. हा शिकलेला इंजिनियर तीन तास सेटिंग बदलत बसला, बटणं उलटीसुलटी लावली, वर कंपनीलाही शिव्या घातल्या. संप होईपर्यंत मी गिरणीत चार माग चालवले. दसऱ्याला आम्ही आधी फुलं काढायचो, मगच माग सुरू करायचो. शेवटी मीच उठलो आणि जॉयस्टिकच्या बुडाशी अडकलेला देठ उपसून काढला. यान सरळ झालं.

"मामा, तुला कसं कळलं?"

"यंत्राकडे बघून. तू तेवढंच केलं नाहीस."