तांबड्या दिव्याखालची कोंबडी

“कोंबडी दुकानाच्या दिव्याखाली पारखू नये गं. दारात न्यावी, उन्हात धरावी, मग काय ते बोलावं.”

आत्याने तीस वर्षं मांसाच्या दुकानात सुरी चालवली होती. ती हे सांगत असताना भाची मोबाइलमध्ये बघत नुसतं “हो गं” म्हणाली. आपण शिकलेल्या, आपल्याला कोंबडी कोण शिकवणार? या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं.

सहा महिन्यांनी तीच भाची सासूबाईंबरोबर रांगेत उभी होती. रांग दुकानातून निघून रस्त्याच्या वळणापर्यंत गेलेली. आत पडदे ओढलेले, निलगिरीच्या तेलाचा धूर, कोपऱ्यात लिंबाची सालं तरंगणारी बादली, आणि काचेच्या कपाटावर भला मोठा तांबडा दिवा. त्याच्याखाली कोंबड्या बाळाच्या गालासारख्या गुलाबी. मधोमध दिवाबाबा! गेल्या वर्षीपर्यंत हा गृहस्थ बल्ब आणि वायरी विकायचा.

“चार दिवसांपूर्वी कापलीय ही!” त्याने एक कोंबडी उंच धरली. “बर्फ नाही, फ्रिज नाही. फक्त तेज! फ्रिजच्या अंधारात मांसाचा जीव गुदमरतो. माझ्या दिव्याखाली ते जागं राहतं, जागं!”

“अंडंही घालेल मग,” मागून एक रिक्षावाला म्हणाला. हशा पिकला. पण बाबा घरासाठी विकत होता तो छोटा दिवा त्यानेही घेतला.

“रंग बघ रंग,” सासूबाईंनी तिला कोपराने ढोसलं. “नाहीतर तू. पाकिटावरच्या तारखा वाचत बसतेस.”

घरी आणलेली कोंबडी ओट्यावर, छोट्या तांबड्या दिव्याखाली, उघडी ठेवली गेली. दुकानातल्यासारखा निलगिरीचा धूर केला. स्वयंपाकघराचे पडदेही ओढले, कारण तेजात दुसरा उजेड मिसळू नये असं बाबांनी बजावलं होतं.

“अहो आई, फ्रिजमध्ये ठेवते ना मी.”

“चार दिवस टिकते म्हणतात. एका रात्रीत काय आभाळ कोसळतंय?”

भांडण नको म्हणून ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याबद्दल तिने स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तिच्या चार वर्षांच्या लेकीला, चिमीला, उलट्या सुरू झाल्या. त्या थांबेनात. इवल्याशा हातात सुई, सलाइन, पांढरे पडलेले ओठ. डॉक्टरीणबाईंनी सगळी हकिगत ऐकली आणि कपाळाला हात लावला.

“रात्रभर गरम दिव्याखाली? अहो, जंतूंना पाळणा बांधलात तुम्ही! काही जंतूंचं विष शिजवूनही जात नाही. आणि वास आला नाही म्हणजे मांस चांगलं, असंही समजू नका. जंतूंना ना वास असतो ना रंग.”

सासूबाईंना काही हे पटलं नाही. “पोरीला थंडी बाधली,” म्हणाल्या. चिमी घरी आली त्याच दुपारी ओट्यावर दिव्याखाली नवी कोंबडी हजर. आठ महिन्यांची गरोदर नणंद संध्याकाळी जेवायला येणार होती.

चिमी आजीजवळ स्वयंपाकघरातल्या टेबलाशी रंगकांड्या घेऊन बसली. पाच मिनिटांनी आजीने पडदे ओढले आणि तिने भोकाड पसरलं.

“आई, माझं फूल गेलं!”

ती धावत आली. कागद जवळजवळ कोरा. नुसता एक काळा देठ.

“मी लाल फूल काढलं होतं,” चिमी हुंदके देत म्हणाली. “खरंच काढलं होतं!”

तिने पोरीला एका हाताने उचललं, कागद घेऊन बाल्कनीत गेली. फूल होतं. टपोरं लाल. देठ हिरवागार. आत आणलं, फूल गडप. पुन्हा बाहेर नेलं, फूल हजर.

आणि इतक्या महिन्यांनी आत्याचे शब्द तिच्या कानात शिरले.

तिने ओट्यावरचं कोंबडीचं ताट उचलून उन्हात ठेवलं. गुलाबी रंग जागच्या जागी उतरला. खाली करडं, निस्तेज मांस, पंखाच्या मुळाशी हिरवट झाक. बोट लावलं तर चिकटलं. निलगिरीचा वास आत राहिला होता. इथे आंबूस घाण थेट नाकात गेली.

“अहो आई, बाहेर या. वास घ्या.”

सासूबाईंनी घेतला. उंबऱ्यावरच बसल्या. “हे मी माझ्या हाताने भरवलं तिला?”

मग त्या उठल्या, चिमीला शेजारणीकडे दिलं आणि ताट नि चित्राचा कागद घेऊन निघालेल्या सुनेच्या आधी चपला घातल्या.

दुकानात बाबांचं चालूच होतं, जागं मांस आणि झोपलेलं मांस. सुनेने ताट काचेवर आदळलं.

“बाई, दृष्टी दूषित असली की सगळं नासकंच दिसतं,” बाबा गोड हसला.

“दृष्टी माझी दूषित. मग या फुलाने काय पाप केलं?” तिने कागद दिव्याखाली धरला. फूल गेलं. दारात नेला. फूल आलं. रांगेतल्या माना पुढे झाल्या. “तांबड्या उजेडात लाल आणि पांढरं सारखंच दिसतं. मेलेलं, करडं मांसही गुलाबी दिसतं. वास तुमच्या धुराने झाकला. बुळबुळीतपणा कोपऱ्यातल्या त्या बादलीत धुतला. लिंबाची सालं तरंगतायत, बघा सगळ्यांनी! हा चमत्कार? माझी लेक दोन दिवस सलाइनवर होती!”

“श्रद्धा नसेल तर—”

सासूबाईंनी पुढे होऊन दिव्याचं बटण बंद केलं आणि पडदा ओढून काढला.

भर उन्हात कपाटातल्या कोंबड्या दिसल्या. कोणीतरी तोंडावर पदर धरला.

“काय बाबा,” रिक्षावाला म्हणाला, “झोपली वाटतं सगळी?” या वेळी कोणी हसलं नाही.

मांस जागं राहत नाही. ते नासतं, तुमच्या-माझ्या श्रद्धेला न विचारता. उजेडात बघा, हुंगा, बोटाने दाबा, तारीख वाचा. शंका आली की फेकून द्या. आणि चांगलं दिसलं तरी थंडच ठेवा, आतपर्यंत नीट शिजवा. याला गुरू लागत नाही.

परत येताना जिन्यात ती थबकली. तळमजल्यावरचे शिंपीकाका एकटे राहतात, डोळ्यांनी अधू. इमारतीतला पहिला दिवा त्यांनीच घेतला होता. दोन दिवसांत मशीनचा आवाज आला नव्हता. तिने दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदा आतून पाय ओढल्याचा आवाज आला.

“पोट जरा बिघडलंय गं पोरी,” काका भिंतीला धरून म्हणाले. त्यांच्यामागे खोलीभर तांबडा उजेड होता.

तिने दिवा विझवला, डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

तुमच्याही जिन्यात असं एक दार असेल. हे वाचून झालं की तिथे जा. उघडेपर्यंत वाजवा.