दोन घरांची जीत

गोरख शिंपी पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आला होता. मशीनवर बसला की पाय हलायचे ते ठीक, पोटच त्यावर. पण हा बाबा जेवतानाही मांडी हलवायचा, आणि कीर्तनाला बसला तर शेजारचा म्हणायचा, "गोरख, आरं सतरंजी वडू नगंस." मॅट्रिकच्या परीक्षेतून तो पेपर निम्मा राहिला असताना उठून आला होता. बापाने शिवलेला कोट बघायला पारनेरच्या पेठेत माणसं थांबत. याने शिवलेल्या सदऱ्याची एक बाही दुसरीशी भांडण असल्यासारखी आखूड व्हायची. आपल्याला कशातच गती नाही हे त्याला आतून पक्कं ठाऊक होतं, आणि ते झाकायला तो दिवसभर तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा.

त्यात बहात्तर साल उजाडलं. पावसाने अशी पाठ फिरवली की निम्मा तालुका दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. घरोघर रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या. नवा सदरा कोण शिवतो? दिवाळीतही दुकानात कापड आलं नाही, आलं ते ठिगळ लावायला. मशीन बंद आणि पाय मोकळे, म्हणजे गोरखला शिक्षाच ती.

अशा एका दुपारी सहादूनाना दुकानात आले. नाना पन्नाशी ओलांडलेले, लष्करातून पेन्शनीत निघालेले, गावाबाहेर मळ्याच्या वाटेवर राहायचे. उजव्या कानाने ऐकू येत नसे म्हणून मान जरा तिरकी धरून बसत. बोलणं औषधाला काढल्यासारखं. जुन्या खाकी कोटाची कॉलर उलटून घ्यायची होती. गोरख टाके उसवत होता तेवढ्यात नानांची नजर बटणांच्या दोन डब्यांवर गेली. एकात सदऱ्याची पांढरी, एकात पॅण्टीची काळी.

"गोरख, खडू दे जरा."

कापड बेतायच्या टेबलावर त्यांनी उभ्या तेरा आणि आडव्या तेरा रेघा ओढल्या, पट्टी न लावता, आणि सगळ्या सरळ.

"ह्यो काय, कुंडली मांडली का काय कुनाची?"

"खेळ हाय. जपान्याच्या कैदेत असताना शिकलो. गो म्हंत्यात. तू काळी घे."

नियम फारसे नव्हतेच. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे एकेकाने आळीपाळीने बटण ठेवायचं. ठेवलं की हलवायचं नाही. चारी बाजूंनी कोंडलं गेलं तर ते उचललं जातं. शेवटी ज्याने जेवढ्या रिकाम्या जागा कुंपणात घेतल्या, तेवढी त्याची घरं. ज्याची घरं जास्त तो जिंकला.

"येवढंच?"

"येवढंच. एका दुपारचं काम हाय," नाना म्हणाले. "म्होरलं लांब हाय."

पहिला डाव गोरखने हाताला येईल तिथे बटणं ठेवत खेळला आणि जिंकला. दोन घरांनी. त्याला वाटलं, नवशिक्याचं नशीब. दुसरा डाव तीन घरांनी, तिसरा पुन्हा दोन. शेजारचा आसाराम चहावाला दुकानाच्या पायरीवर येऊन बघत बसायचा. त्याने पेठेत आवई उठवली, "आपला शिंपी रोज मिल्ट्रीला हरवतोय!" कुणी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं तर आधी पडायची जागा बघून ठेवावी, पण गोरखला तेवढी उसंत कुठली? तो चढला तो शेंड्यावर.

आणि खोटं का बोला, शिकला तो. आधी नानांच्या एका बटणामागे तो कुत्रं लागल्यासारखा धावायचा, आणि ते पकडेपर्यंत नानांनी टेबलाची पलीकडची बाजू खाल्लेली असायची. नाना काही बोलत नसत, फक्त दूरच्या रिकाम्या कोपऱ्यावर बोटाने टकटक करत. मग कधीतरी गोरखला ती टकटक न होताच ऐकू यायला लागली. एकदा त्याच्या एकमेकांना लागलेल्या बटणांचा मोठा घोळका कोंडून मेला तेव्हा नानांनी आपल्या दोन्ही डोळ्यांवर बोट ठेवून दाखवलं. घोळक्याच्या पोटात दोन वेगळ्या रिकाम्या जागा ठेवायच्या, दोन डोळे. मग तो कुणाच्या बापाला मारता येत नाही. "एका डोळ्यानं भागत न्हाई. त्यो बुजीवला की संपलं." हे कळलं त्या दिवशी गोरख आनंदाने दुकानातल्या दुकानात फेऱ्या मारत सुटला. चौकड्यांची लुंगी नेसून कुणी ठिगळ लावायला आलं तर त्याला गिऱ्हाइकाचं तोंड दिसत नसे, लुंगीवर कोण कुठे कोंडलंय ते दिसे. जन्मात पहिल्यांदा त्याला वाटायला लागलं की आपल्या डोक्यातही काहीतरी आहे. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. एवढी महाग होती ती त्याला.

संक्रांत गेली, शिमगा आला. गोरख जिंकतच होता. पण आता जिंकून घरी आला की गप्प.

"आवं, जिंकलाय न्हवं?" बायको राहीबाईने विचारलं. "मंग एरंडेल प्याल्यावानी त्वांड का केलंय?"

"दोन घरांनी जिंकलो."

"मंग?"

"दिवाळीतबी दोनच घरांनी जिंकल्तो."

राहीबाईला यात रडण्यासारखं काय ते समजलं नाही. गोरखला मात्र ते कुसळ बोचू लागलं. दिवाळीत त्याला बटणाखालची रेघ तेवढी दिसायची, आता अख्खं टेबल दिसतं. मग जीत का वाढत नाही? नाना रोज थोडे थोडे सुधारतात म्हणावं, तर ते शिकवणारे. मग एकतर आपण काही शिकलोच नाही, किंवा… पुढचा विचार आला की तो उठून बाहेर जायचा, पाणी प्यायचा, परत यायचा, मशीनचा पट्टा काढायचा, पुन्हा चढवायचा. आसाराम "काय पैलवान?" म्हणाला की अंगावर झुरळ पडल्यासारखं व्हायचं.

शेवटी त्याने एक दिवस ठरवून घाण केली. डाव ऐन रंगात असताना आपला अख्खा कोपरा मरू दिला. सांभाळायला एकच बटण पुरत होतं, ते त्याने मुद्दाम भलतीकडे ठेवलं. आता नानांनी हा डाव डोळे मिटून जिंकायला हवा होता. त्यांनी कोपरा घेतला, घ्यावाच लागला. पण त्यानंतर ते सुईत दोरा ओवणाऱ्या माणसासारखे खाली वाकले, आणि एकेक बटण अशा जागी ठेवत गेले की तिथून काहीच मिळू नये. इथे एक घर सोडलं, तिथे कुंपणाला भोक ठेवलं. चेहऱ्यावर ना हसू ना लबाडी, नुसती काळजी. घरं मोजली. गोरख दोन घरांनी जिंकला.

गोरखच्या कानशिलाला आग लागली. लहानपणी आट्यापाट्यांत थोरली पोरं त्याला लिंबूटिंबू म्हणून घ्यायची. धावू द्यायची, पण बाद धरायची नाहीत. इतके महिने तो लिंबूटिंबूच होता, आणि वर पेठभर मिशीला पीळ देत हिंडला होता.

"नाना, माझी चेष्टा लावली व्हय?"

"काय झालं?"

"तुमी हरताय! जानून-बुजून! पैल्या दिसापासनं!" आवाज इतका चढला की आसाराम चहाचं पातेलं सोडून पायरीवर आला. गोरखने त्याच्या तोंडावर दुकानाची फळीच लावली. "एकदा सांगा, का हरता?"

नानांनी हातातली पांढरी बटणं डब्यात टाकली. मग बोलले, आणि एका दमात एवढं बोलताना त्यांना आजवर कुणी ऐकलं नसेल.

"सिंगापूर पडलं तवा आमची सप्लाय कंपनी धरली. म्होरं एका बेटावर नेलं, जेट्टीवर पोती वाहायला. थितं पहाऱ्याला एक कवळा शिपाई हुता. नाव कळलं न्हाई, आमी बारक्या म्हनायचो. त्याचा हवालदार त्याला रोज चार लोकांत थोबडवायचा. संध्याकाळी त्यो खोक्याच्या फळीवर ह्यो डाव मांडायचा, आन् मला जेट्टीवरनं काढून बसवायचा. त्यानंच शिकीवलं. एकदा मी जिंकलो." नानांनी उजव्या कानाला हात लावला. "बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. ह्यो कान तवाच गेला. मंग मी लई हरायला लागलो, तर त्याला मजा येईना, पुन्यांदा जेट्टीवर धाडायचा. दोन-तीन घरांनी हरलो का खूश व्हायचा. भाताचा गोळा द्यायचा. तीन सालं असं खेळलो. जेट्टीवरचे लई मेले. मी आलो."

"पर नाना, मी काय तुमाला मारनार हुतो व्हय?"

"तू न्हाई रं." नानांनी आपला हात उलटा-सुलटा करून पाहिला. "ह्याला कोन सांगनार? मी ठरवून न्हाई हरत. वळनच पडलंय."

एखादा शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. गोरखला नानांची कीव आली, खरंच आली. पण त्याच्या आतला उंदीर काही कुरतडायचा थांबेना. आपण कितपत आहोत हे ज्याला कळू शकतं असा या मुलखात हा एकच माणूस, आणि तोच सांगत नाही.

"एकदा खरं खेळा माझ्यासंगं," तो म्हणाला. "एकच डाव. मला काईच येत न्हाई आसं निघालं तरी चालंल. पर खरं कळू द्या."

नानांनी टोपी घातली आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, त्या आठवड्यात आले नाहीत. बाजारच्या दिवशीही दिसले नाहीत तेव्हा गोरख तापल्या उन्हात मळ्याच्या वाटेने त्यांच्या घरी गेला. दारात नानांची बायको चांगुणाबाई मिलो निवडत होती.

"काय घातलंस रं त्यांच्या डोस्क्यात?" ती म्हणाली. "परसात बसत्यात, खडं मांडत्यात, मोडत्यात. पुन्यांदा मांडत्यात. भाकरीला हाका मारून माजा जीव गेला."

आत जाऊन म्हणावं, नाना, राहू द्या, मला काही नको. एवढं म्हणायलाच तर तो आला होता. पण खडे मांडतायत हे ऐकलं आणि नाना खऱ्या डावाची तयारी करतायत हे त्याच्या ध्यानात आलं. लाज वाटली, खूप वाटली. तरी तो आत न जाता माघारी वळला. माणसाची हाव अशी असते.

चैत्रात नाना आले. दाढी केलेली, कोट घातलेला, एवढ्या उकाड्यात. सरळ टेबलाशी बसले आणि पांढरी बटणं पुढे ओढली.

पहिल्या काही बटणांतच गोरखला कळलं की समोर दुसराच माणूस बसलाय. त्याने डावीकडे कुंपण घालायला घेतलं तर नानांचं बटण आधीच तिथे येऊन बसलेलं. उजवीकडे वळला तर मघाशी उगीच ठेवलेलं वाटलेलं बटण आता वाटेत उभं. कुठे पाय ठेवायला जागा नाही. एक घोळका मेला, मग दुसरा. गोरख हरत होता, धुऊन निघत होता, आणि त्याला आयुष्यात एवढा आनंद कधी झाला नव्हता. म्हणजे हा खेळ असा आहे! एवढा मोठा आहे! मधेच एकदा त्याने काळं बटण एका अडचणीत खुपसलं तेव्हा नानांचा हात हवेतच राहिला. ते थांबले. पुष्कळ वेळ थांबले. मग त्यांना वाट सापडली, पण थांबले होते. गोरखने ते मनात गाठ मारून ठेवलं. जे कळायचं होतं ते त्याला तिथेच कळलं: आपण कुणीच नाही असं नाही.

शेवटचा काळा घोळका मध्यभागी होता. त्याचा एक डोळा नानांनी आधीच बुजवला होता. उरलेल्या जागेवर ते पांढरं बटण ठेवायला गेले. बटण रेघेवर टेकलं, पुन्हा उचललं गेलं, बाजूला गेलं, तिथे रेंगाळलं. मग नानांनी डाव्या हाताने आपलंच उजवं मनगट धरलं आणि बटण जागेवर दाबून बसवलं.

"वा, नाना!" गोरख ओरडला, आणि मांडीवर थाप मारायला त्याने हात वर उचलला.

नाना जागच्या जागी दुमडले. डोकं टेबलाला टेकलं, दोन्ही हात डोक्यावर, कोपरं कानांवर, डोळे गच्च मिटलेले. एवढा मोठा माणूस त्या खाकी कोटात मुटकुळं होऊन पडला, वाट बघत.

गोरखचा हात वरच राहिला. तो खाली आणायलाही त्याला भीती वाटली. हळूहळू, अगदी सावकाश त्याने तो टेबलावर आणून उताणा ठेवला, नानांना दिसेल असा. आणि रडू आलं त्याला. हे आपण मागून घेतलं होतं.

"नाना," तो म्हणाला. "नाना, मी गोरख. पारनेर हाय ह्ये. मी हरलोय."

बऱ्याच वेळाने नानांची कोपरं खाली आली. त्यांनी गोरखचा उताणा हात पाहिला, मग टेबल पाहिलं. जिथे तिथे पांढरी बटणं होती. ती सगळी आपली आहेत हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला.

"मंग," त्यांनी विचारलं, आणि खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं, "आता म्होरं काय करायचं असतं?"

"काई न्हाई, नाना," गोरख डोळे पुसत म्हणाला. "जिंकल्याल्यानं नुसतं बसायचं असतं."